फिलाडेल्फियांत तीन दिवस

नागपुरांतील सुशिक्षित घरांपैकीं अशीं घरें आज थोडींथोडकीं नाहींत, कीं ज्यांतील मुलगा, मुलगी किंवा भाचा अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत स्थायिक झाला आहे. आईवडील उन्हाळ्यांत तिकडे जातात, चारपांच महिने राहतात, नातवंडांस सांभाळतात, आणि मग एखाद्या लांब सुटीच्या आठवड्यांत चिरंजीव म्हणतात, "आईबाबा, चला, तुम्हांला फिलाडेल्फिया दाखवून आणतों." पुढें काय होतें तें ठरलेलेंच आहे. सकाळीं मोटारींतून निघावयाचें, दुपारीं तडा गेलेली एक घंटा पाहावयाची, तिच्यापुढें उभें राहून छायाचित्र काढावयाचें, एका चित्रपटामुळें प्रसिद्धीस आलेल्या पायऱ्या चढावयाच्या, आणि रात्रीं जेवावयास घरीं परत! एवढ्या मोठ्या शहराची अशी बोळवण झालेली पाहून वाईट वाटतें. ती मराठी माणसानें करावी याचें तर अधिकच वाटतें. ज्या शहरानें १८८३ ते १८८६ या काळांत आपल्याकडच्या एका अठरा वर्षांच्या मुलीस आपलेंसें करून डॉक्टर केलें, तें आपणांस अगदींच परकें नाहीं. तेव्हां तीन दिवसांची सवड आहे असें धरून हें शहर कसें पाहावें, आणि काय खुशाल सोडून द्यावें, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम शहराची ठेवण. न्यूयॉर्कच्या नैर्ऋत्येस सुमारें दीडशें किलोमीटरवर दोन नद्यांच्या मध्यें हें वसलें आहे. पूर्वेची नदी डेलावेअर. पश्चिमेच्या नदीचें नांव लिहितांना लांबलचक होतें. परंतु तेथील माणूस तें ‘स्कूकल’ असें चटकन उच्चारून मोकळा होतो, आणि आपण अक्षरें जुळवून वाचूं लागलों कीं हंसतो. १६८२ सालीं विल्यम पेन नांवाच्या इंग्रज गृहस्थानें हें शहर आंखलें. पेन हा क्वेकर पंथाचा. या पंथाला युद्ध वर्ज्य, आणि त्यांची उपासना म्हणजे बहुतेक वेळ स्वस्थ बसून राहणें! मतांपायीं पेननें स्वदेशांत तुरुंग भोगला होता. म्हणून आपल्या वसाहतींत उपासनेच्या कारणावरून कोणाचा छळ होऊं नये असें त्यानें ठरविलें, आणि शहराला बंधुप्रेम या अर्थाचें ग्रीक नांव दिलें. रस्ते सरळ, एकमेकांस काटकोनांत छेदणारे. पूर्वपश्चिम रस्त्यांना चेस्टनट, अक्रोड, पाइन अशीं झाडांचीं नांवें, आणि दक्षिणोत्तर रस्त्यांना नुसते आंकडे. आपल्या महालांतल्या किंवा इतवारींतल्या बोळांत वाढलेल्या माणसास येथें रस्ता चुकणें अशक्यच.

जाण्यास ऑक्टोबर उत्तम, नाहीं तर एप्रिल अखेर आणि मे. जुलै-ऑगस्टांतील तेथील उन्हाळा आंकड्यांनीं नागपूरकरांस क्षुल्लक वाटतो, पण हवा इतकी दमट असते कीं जीव कासावीस होतो. जानेवारींत रात्रीं पारा सहसा शून्याच्या खालीं असतो. एडिसनच्या बाजूस राहणाऱ्यांनीं मोटार घरींच ठेवावी. मेट्रोपार्क स्थानकावरून आगगाडी सुमारें तासाभरांत शहरांत पोंचविते. ती जेथें थांबते तें तिसाव्या रस्त्यावरचें स्थानक १९३३ सालचें असून, तेथील उंच दालनांत दहा मिनिटें उगाच बसून राहावें इतकें तें सुंदर आहे.

पहिला दिवस जुन्या भागाचा. १७३२ सालीं बांधावयास घेतलेली, विटांची, बेताच्या आकाराची एक इमारत. आपल्या सिव्हिल लाइन्समधील विधान भवन पाहिलेल्यास ती लहानशीच वाटेल. येथेंच ४ जुलै १७७६ रोजीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, आणि १७८७ सालीं येथेंच अमेरिकेची राज्यघटना तयार झाली. हा इंडिपेंडन्स हॉल पाहण्यास वर्षाच्या बहुतेक काळांत वेळ नेमून दिलेलें तिकीट लागतें, म्हणून तें आगाऊ काढून ठेवावें. आंतील सभागृहांत अध्यक्षांची जी खुर्ची आहे, तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला दिसतो. घटनेवर सह्या होत असतां वृद्ध बेंजामिन फ्रँकलिन म्हणाले कीं, हा सूर्य उगवता कीं मावळता हें मला इतके दिवस समजत नव्हतें, आतां तो उगवता आहे अशी खात्री पटली.

समोरच ती घंटा. तिच्याविषयीं जें सांगितलें जातें त्यांतलें निम्में खोटें आहे, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. पेन्सिल्वेनियाच्या विधिमंडळानें १७५१ सालीं ती लंडनच्या व्हाइटचॅपेल येथील कारखान्याकडून मागविली. पुढच्या वर्षीं ती आली, आणि पाहण्यासाठीं वाजवितांच तडकली! मग पास आणि स्टो या दोघां स्थानिक कारागिरांनीं ती वितळवून पुन्हा ओतली. आवाज कोणास आवडेना, म्हणून १७५३ सालीं आणखी एकदां ओतली. आज दिसते ती ही तिसरी घंटा, सुमारें ९४० किलो वजनाची. जाहीरनाम्याच्या दिवशीं ती वाजली आणि वाजतां वाजतां फुटली ही गोष्ट एका कादंबरीकारानें १८४७ च्या सुमारास रचली. खरा प्रकार असा, कीं पुढें केव्हां तरी तिला बारीक चीर पडली. १८४६ सालीं वॉशिंग्टनच्या जन्मदिनीं ती वाजवावयाची होती. चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासून आवाज बद्द होऊं नये म्हणून कारागिरांनीं ती चीर मुद्दाम रुंद केली. आपण जिला तडा समजून जिचें छायाचित्र घेतों ती रुंद फट म्हणजे ही दुरुस्ती! त्या दिवशीं घंटा कांहीं वेळ वाजली, मग दुसरी केसासारखी चीर वर चढत गेली, आणि घंटा कायमची मुकी झाली. तिला ‘स्वातंत्र्याची घंटा’ हें नांव मिळालें तेंही राज्यक्रांतिकारकांकडून नव्हे. १८३० नंतर गुलामगिरी बंद व्हावी म्हणून झटणाऱ्या मंडळींनीं तें दिलें. घंटेवर बायबलांतील एक वचन कोरलें आहे, त्यांत देशांतील सर्व रहिवाशांच्या मोकळिकेची घोषणा आहे. ‘सर्व’ म्हणजे खरोखरच सर्व काय, असा त्या मंडळींचा प्रश्न होता.

आणि तो प्रश्न तेथेंच, घंटेच्या दाराशीं उभा आहे. १७९० ते १८०० पर्यंत फिलाडेल्फिया ही राष्ट्राची राजधानी होती, आणि अध्यक्ष वॉशिंग्टन यांचें निवासस्थान घंटेच्या आजच्या दालनाला लागून होतें. त्या घरांत त्यांनीं वेगवेगळ्या वेळीं नऊ गुलाम ठेवले होते. पेन्सिल्वेनियाच्या १७८० च्या कायद्याचा अर्थ असा, कीं बाहेरच्या मालकाचा गुलाम येथें सलग सहा महिने राहिला तर तो स्वतंत्र होण्याचा हक्क सांगूं शकतो. म्हणून सहा महिने भरण्याच्या आधीं त्या माणसांना संस्थानाबाहेर हलवून परत आणण्याची व्यवस्था असे. त्यांतील ओना जज्ज ही तरुण दासी १७९६ सालीं पळाली, ती पुन्हा हातीं लागली नाहीं. त्या जागीं २०१० सालीं त्या नऊ जणांचें स्मारक उभारण्यांत आलें. घंटेपुढें पांच मिनिटें आणि या चौथऱ्यापुढें वीस, असा वेळ वांटावा असें मी सुचवीन.

याच चौकांत ४ जुलै १८७६ रोजीं, शंभराव्या वर्षाच्या समारंभांत, सूझन अँथनी आणि त्यांच्या सहकारिणी बोलावणें नसतां पुढें गेल्या, त्यांनीं स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा व्यासपीठावर दिला, आणि बाहेर येऊन तो जमावापुढें वाचला. अमेरिकन स्त्रियांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला तो १९२० सालीं. कल्याणची मुलगी या शहरांत शिकत होती त्या वेळीं तिला शिकविणाऱ्या विदुषींनाही राष्ट्राच्या निवडणुकींत मत नव्हतें, हें ध्यानांत ठेवून पुढें चलावें.

दुपारीं पोट भरण्यास रीडिंग टर्मिनल मार्केट. रेल्वेच्या फलाटांखालीं १८९० नंतरच्या वर्षांत हा बाजार भरूं लागला. गाड्या १९८४ सालीं बंद झाल्या, बाजार चालूच आहे. लँकेस्टर भागांतील आमिश पंथाचे शेतकरी, जुन्या वळणाचे कपडे घालून, लोणी, लोणचीं, भाजलेले पदार्थ विकतात. शहराचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे गोमांसाचे काप घातलेला लांबट पाव. तेव्हां न खाणाऱ्यांनीं विचारल्याशिवाय कांहीं मागवूं नये. गांठ मारलेला खारा प्रेट्झेल मात्र निर्धास्त खावा. तेथून जवळच नगरभवन आहे. १८७१ सालीं सुरू झालेलें हें काम १९०१ पर्यंत रेंगाळलें. मनोरा ५४८ फूट, आणि वर पेनचा ३७ फुटी पुतळा. पेनच्या टोपीहून उंच इमारत शहरांत कोणीं बांधावयाची नाहीं, असा एक अलिखित संकेत पुष्कळ वर्षें पाळला जात होता. तो १९८७ सालीं मोडला. पुतळा वर चढला १८९४ सालीं. म्हणजे आनंदीबाईंनीं हें भवन पाहिलें असेल तें परांच्यांनीं वेढलेलें, अर्धवट.

दुसरा दिवस त्यांचा. काशीबाई कानिटकरांनीं लिहिलेल्या चरित्रामुळें, पुढें श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीमुळें आणि २०१९ च्या चित्रपटामुळें ही कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. म्हणून ती सबंध सांगत नाहीं. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गेलें, आणि स्त्रियांवर उपचार करणारी स्त्री आपल्या देशांत असती तर, हा विचार त्या मुलीच्या मनांत रुजला. गोपाळराव जोशांनीं एका मिशनरी गृहस्थास पाठविलेलें पत्र अमेरिकेंतील मासिकांत छापलें गेलें. तें थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनीं दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असतां वाचलें, आणि सातासमुद्रांपलीकडच्या अनोळखी मुलीस पत्र लिहिलें. ७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई कलकत्त्याहून एकट्या निघाल्या आणि जूनमध्यें न्यूयॉर्कला उतरल्या. प्रथम राहिल्या त्या कार्पेंटरबाईंच्या घरीं, रोझेल या गांवीं. हें रोझेल न्यू जर्सींतच, आज आपलीं मराठी कुटुंबें राहतात त्या एडिसनपासून मोटारीनें फार तर अर्ध्या तासावर आहे. किती जणांस तें ठाऊक असेल?

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १८५० ची. स्त्रियांना डॉक्टरची पदवी देण्यासाठीं स्थापन झालेली ही जगांतील पहिल्या संस्थांपैकीं एक. मार्ग सुखाचा नव्हता. नोव्हेंबर १८६९ मध्यें या विद्यार्थिनी पेन्सिल्वेनिया हॉस्पिटलांत रोगी पाहण्याच्या तासास गेल्या असतां पुरुष विद्यार्थ्यांनीं हुर्यो केली, कागदाचे बोळे मारले. बायका उठल्या नाहींत. त्या घटनेस चौदा वर्षें होतात तों नऊवारी नेसलेली ही मुलगी त्यांच्या वर्गांत येऊन बसली. प्राचार्या रेचल बॉडली या मूळच्या रसायनशास्त्रज्ञ. त्यांनीं आनंदीबाईंवर आईसारखी माया केली. थंडींत नऊवारी पातळ पुरेना, म्हणून आनंदीबाईंनीं गुजराथी पद्धतीनें साडी नेसण्यास आरंभ केला, आणि त्याची चर्चा पत्रांतून गोपाळरावांशीं झाली. आपला धर्म आणि आपला आहार त्यांनीं सोडला नाहीं. १८८५ च्या ऑक्टोबरांत काढलेलें एक छायाचित्र आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल: जपानच्या केइ ओकामी, सीरियाच्या सबात इस्लांबूली आणि मध्यें नव्हे तर एका बाजूस साडींतल्या आनंदीबाई. तिघीही आपापल्या देशाच्या वेषांत.

११ मार्च १८८६ रोजीं पदवीदान झालें. त्यासाठीं पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडहून आल्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. सभागृहांत त्या दिवशीं दोन मराठी स्त्रिया होत्या, आणि त्यांपैकीं दुसरीनें या शहराचा उपयोग पहिलीइतकाच करून घेतला. रमाबाईंनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलें, तें १८८७ सालीं बॉडलीबाईंच्या प्रस्तावनेसह फिलाडेल्फियांतच निघालें. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टनमध्यें त्यांना साह्य करणारी मंडळी स्थापन झाली. आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. तारीख तीच, तीन वर्षांनंतरची. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढें महर्षि कर्व्यांच्या पत्नी झाल्या. म्हणजे हिंगण्याच्या कामाचा एक धागा या परदेशी शहरांत येऊन पोंचतो. रमाबाईंनीं अमेरिकेवर मराठींत लिहिलेलें प्रवासवृत्तही १८८९ चेंच. जाण्यापूर्वीं नागपुरांतल्या एखाद्या जुन्या ग्रंथालयांतून तें मिळवून वाचावें.

आतां तेथें काय दिसतें? खरें सांगावयाचें तर, थोडें. महाविद्यालय त्या वेळीं उत्तरेस गिरार्ड कॉलेजजवळ होतें. १९३० सालीं तें शहराच्या दुसऱ्या भागांत गेलें, १९७० मध्यें तेथें पुरुष विद्यार्थी येऊं लागले, आणि पुढें अनेक विलीनीकरणांनंतर तें ड्रेक्सेल विद्यापीठांत मिळालें. जुने कागद, पत्रें आणि छायाचित्रें त्या विद्यापीठाच्या संग्रहांत जपलीं आहेत. हा अभ्यासकांचा संग्रह आहे. कोणास पाहावयाचाच असेल तर पत्र लिहून वेळ मागावी. परंतु तो भाग पायीं फिरून पाहण्याजोगा आहे, कारण आनंदीबाईंच्या शेजारचीं दोन मोठीं स्थळें अजून उभीं आहेत.

एक गिरार्ड कॉलेज. स्टीफन गिरार्ड हा फ्रान्सहून आलेला व्यापारी १८३१ सालीं वारला, आणि अनाथ मुलांच्या शाळेसाठीं त्यानें अफाट संपत्ति ठेवली. अट अशी, कीं मुलगे गोरे असावेत. आणि दुसरी, कीं कोणत्याही पंथाच्या धर्मोपदेशकानें आवारांत पाऊल टाकूं नये! १८४८ सालीं उघडलेल्या या शाळेची मुख्य इमारत ग्रीक देवळासारखी आहे, आणि भोंवतीं उंच भिंत. कृष्णवर्णीयांनीं १९६५ सालीं त्या भिंतीबाहेर महिनोन्महिने निदर्शनें केलीं, मार्टिन ल्यूथर किंग येथें येऊन बोलले, आणि १९६८ सालीं दार उघडलें. दुसरें स्थळ म्हणजे १८२९ चा ईस्टर्न स्टेट तुरुंग. मारहाणीनें माणूस सुधारत नाहीं, एकांतानें व चिंतनानें सुधारतो, अशी क्वेकर मंडळींची समजूत. म्हणून प्रत्येक कैद्यास स्वतंत्र कोठडी, छतांतून एक झरोका, आणि कोणाशींही बोलणें बंद. हेतु दयेचा, परिणाम भयंकर. चार्ल्स डिकन्स यांनीं १८४२ सालीं हा तुरुंग पाहिला आणि ही शिक्षा फटक्यांहून क्रूर ठरविली. चाकाच्या आरांसारखी त्याची रचना जगांत अनेक तुरुंगांनीं उचलली. १९७१ सालीं तो बंद झाला; आतां पडक्या कोठड्यांतून प्रेक्षक फिरतात. लहान मुलांस बरोबर नेऊं नये.

तिसरा दिवस कलासंग्रहालयाचा. त्या प्रसिद्ध ७२ पायऱ्या याच्याच दाराशीं आहेत; गुडघे दुखत असतील त्यांनीं पायऱ्यांचा नाद सोडून दुसऱ्या दारानें जावें. आंत पाहावयाची पहिली वस्तु मदुरेची आहे! एडलिन पेपर गिब्सन ही फिलाडेल्फियाची तरुण स्त्री १९१२ सालीं मदुरेस गेली असतां मदनगोपाळस्वामींच्या देवळाजवळ पडून असलेले कोरीव दगडी खांब तिनें विकत घेतले. महायुद्धांत ती फ्रान्समधील लष्करी रुग्णालयांत सेवा करीत असतां वारली, आणि १९१९ सालीं कुटुंबानें तिच्या स्मरणार्थ ते खांब संग्रहालयास दिले. सोळाव्या शतकांतील त्या खांबांचा संपूर्ण मंडप आंत उभा आहे. विद्वान स्टेला क्रामरिश या कलकत्ता विद्यापीठांत बरींच वर्षें शिकवून अमेरिकेस गेल्या, आणि १९५४ पासून त्यांनीं येथील भारतीय संग्रह सांभाळला. देवळाचे खांब असे दूर देशीं असावेत कीं नसावेत, यावर घरांत वाद होईल. तो मंडपांत उभें राहूनच करावा.

संग्रहालयामागें नदीकांठीं फेअरमाउंटचें जुनें जलगृह आहे. १८१५ पासून येथून स्कूकलचें पाणी शहराला मिळूं लागलें, आणि हें यंत्रगृह इतकें देखणें कीं लोक तेंच पाहावयास येत. पण वरच्या अंगाचे कारखाने आणि गांवांची घाण नदींत येऊं लागली, आणि पाणी न गाळतांच घरोघर जात राहिलें. आनंदीबाईंच्या काळीं शहरांत विषमज्वर हा नेहमींचा पाहुणा होता. गाळण्याची व्यवस्था नव्या शतकांत झाली. हें जलगृह १९०९ सालीं बंद पडलें. नागपूरकरांनीं कन्हान आणि नाग या दोन्ही नद्यांची आठवण ठेवून तें पाहावें.

वडील मंडळींसाठीं दोन सूचना. निघण्यापूर्वीं आजारपणाचा विमा काढावा आणि त्यांत जुनीं दुखणीं धरलीं आहेत कीं नाहींत हें वाचून पाहावें. तेथें दवाखान्याचा एक दिवसाचा खर्च ऐकून चिरंजीवही गप्प बसतात. दिवसाला दोनच स्थळें, मध्यें तासभर बाकावर विश्रांति. शहरानें पांच चौक याच उपयोगासाठीं राखले आहेत, असें समजावें.

चौथा दिवस मिळाला तर तो फिलाडेल्फियाला देऊं नये. क्षयानें खंगलेल्या आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत त्यांची नेमणूक झाली होती, पण तें काम त्यांच्या हातून व्हावयाचें नव्हतें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. त्यांच्या अस्थि गोपाळरावांनीं कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या, आणि त्या बाईंनीं आपल्या कुटुंबाच्या जागेंत, न्यूयॉर्क संस्थानांतील पोकिप्सी गांवच्या स्मशानभूमींत, पुरून वर दगड बसविला. तो दगड अजून तेथें आहे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावरून पोकिप्सीची गाडी सुमारें दोन तास घेते. स्थानकापासून स्मशानभूमीपर्यंत भाड्याची मोटार करावी लागते. जातांना गाडी हडसन नदीच्या कांठाकांठानें धांवते, म्हणून डाव्या बाजूची खिडकी धरावी.